जुनी जीप घेताय? आधी चेसीखाली शिरा

मागच्या अंकात जुन्या गाड्यांवर दोन ओळी लिहिल्या होत्या, तर या महिन्यात सगळी पत्रं जीपवाल्यांचीच आली. म्हणून यावेळी फक्त जीप, बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तरं देतो.

प्रश्न : काका नमस्कार. एकजण १९४४ ची फोर्ड जीप विकतोय, दुसऱ्या महायुद्धातली ओरिजिनल आहे म्हणतो. डाव्या बाजूला स्टेअरिंग आहे, रंगरंगोटी एकदम नवी, नऊ लाख सांगतोय. बाबा म्हणतात एवढ्यात चांगली नवी गाडी येईल. घेऊ का? (कराड)

उत्तर : नऊ लाखाचं नंतर बघू, आधी ती जीप नक्की कुठली ते बघा. युद्धात विलीजने एमबी आणि फोर्डने जीपीडब्ल्यू अशी जवळपास एकसारखी जीप बनवली, दोन्ही मिळून सहा लाखाच्या वर, आणि त्यातल्या काही युद्ध संपल्यावर आपल्याकडे राहिल्या हे खरंय. पण आपल्या रस्त्यांवर जी जुनी जीप दिसते ती बहुतेक वेळा महिंद्राची सीजे-३बी असते. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि नंतर ते ३बी चं रूप पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं. डावं स्टेअरिंग म्हणजे युद्धातली असं अजिबात नाही, इथल्या जुन्या ३बी पण डाव्या हाताच्या भरपूर आहेत.

ओळखायची सोपी खूण म्हणजे बोनेट. ३बी चं बोनेट उंच असतं कारण तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा) वर हेडमध्ये बसवलेत, त्यामुळे इंजिनच उंच झालं. युद्धातल्या जीपचं इंजिन २१९९ सीसीचं, ६० हॉर्सपॉवरचं, सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणून बोनेट बसकं. मग पुढची काच बघा, युद्धातलीला दोन वेगळ्या काचा असतात, ३बी ला एकच सलग. मागे उघडणारा फाळका असेल तर ती युद्धातली नाही, तिला मागे सलग पत्रा आणि त्यावर स्टेपनी. जाळीला नऊ फटी हव्यात. आणि हेडलाईट जाळीच्या आत बसलेले असतात, एक नट सैल केला की दिवा उलटा फिरवून रात्री इंजिनवर उजेड पाडता येतो, काय डोकं लावलं होतं त्या लोकांनी!

आता हे सगळं बाजारात नवीन पत्र्याचं करून मिळतं, हौद (पत्र्याची अख्खी बॉडी) सुद्धा नवा कोरा मिळतो. म्हणून म्हणतो खाली शिरा. रेडिएटरच्या खाली चेसीचा (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा) पुढचा आडवा तुकडा गोल पाईप असेल तर विलीज, उलट्या चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. विकणारा फोर्ड म्हणतोय आणि खाली गोल पाईप दिसला तर तिथेच बोलणं थांबवा. फोर्डचा नंबर डाव्या चेसीच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो, तो घासून साफ करून, उजेडात फोटो काढून आरसी बुकाशी आकडा आकडा ताडून बघा. एकही आकडा खोडलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला दिसला तर गाडी कितीही आवडली तरी घेऊ नका. आणि आरटीओत जाऊन तिची ऑनलाईन नोंद आहे का विचारा, जुन्या गाड्यांची बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) राहिलेली असते, ती विकणाऱ्याकडूनच करून घ्या, पैसे दिल्यावर कोण कोणाला विचारतो.

बाकी चकाचक रंगाची मला नेहमी भीती वाटते. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलीय. ड्रायव्हर सीटखाली पेट्रोलची टाकी बसते ती खोबण आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चेसीला लागतात ती जागा, या दोन ठिकाणी गंज सगळ्यात आधी येतो. बाबांना सोबत घेऊन जा, ते आपसूक जास्त प्रश्न विचारतील.

प्रश्न : माझ्याकडे १९६८ ची ३बी आहे, आजोबांच्या नावावरून माझ्या नावावर झाली. तिला मिलिटरीचा हिरवा रंग मारून मोठे टायर टाकायचेत, शिवाय डिझेल इंजिन पण. आणि व्हीए नंबर मिळेल का? (नाशिक)

उत्तर : तो हिरवा रंग मारू नका. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, असा मोटार वाहन नियमच आहे. मारायचाच तर राखाडी, निळा, बदामी मारा आणि आरसीवर रंगाची नोंद करून घ्या.

व्हीए म्हणजे २०२१ ला आलेली व्हिंटेज नोंदणी. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वरची हवी, तुमची आहे. फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण दोन अटी नीट वाचा. एक, गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही, म्हणजे तुमचं डिझेल इंजिन आणि हा नंबर दोन्ही एकत्र होणार नाही. दुसरं, व्हीए गाडी रोज वापरायची नसते, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. आणि व्हीए न घेता जुन्याच नंबरवर ठेवली तरी मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं की कंपनीने दिलेल्या रचनेच्या बाहेरचे बदल चालणार नाहीत.

माझं मत विचाराल तर कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच सांगेन, ती आजोबांची जीप आहे तर आजोबांनी चालवली तशी राहू दे. मोठे टायर लावून रुबाब करणाऱ्या गाड्या शंभर मिळतील, त्यांनी चालवलेली ही एकच आहे.

प्रश्न : ३बी घेतली, इंजिन उत्तम, पण ४०-४५ च्या पुढे स्टेअरिंग हातात थरथरतं आणि ब्रेक कधी लागतो कधी नाही. रविवारी ताम्हिणीला न्यायची होती. (पुणे)

उत्तर : नेऊ नका, कृपा करून नेऊ नका. या गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट, चारही ड्रम एकाच मास्टर सिलिंडरवर (पेडलचा दाब चाकांकडे पाठवणारा), कुठे एका चाकाशी पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, सगळे पाईप आणि रबरी होज नवे करा, यात काटकसर नको. थरथरीला मेस्त्री बॅलन्सिंग करून द्यायला बघेल पण त्याला किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग, टायरॉडचे (स्टेअरिंगच्या दांड्यांचे) एंड आणि पाट्यांचे बुश बघायला सांगा, बहुतेक वेळा दुखणं तिथे निघतं.

आणखी एक, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला खातं. फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाका, टाकीत पेट्रोल महिनोन्महिने साठवू नका. जुनी जीप करताना क्रम असा ठेवा की आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग पळली पाहिजे, रंग सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात आणि रंगातच पैसे संपतात.

प्रश्न : आमचे आजोबा कोयना प्रकल्पावर जीप ड्रायव्हर होते. ट्रंकेत त्यांचं एक लॉगबुक सापडलं, गाडीचा नंबर आहे, रोजचे मैल आहेत. ती जीप शोधता येईल का? मिळाली तर विकत घ्यायची आहे. (चिपळूण)

उत्तर : तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

शोधायचा प्रयत्न जरूर करा. सरकारी गाडी निकामी झाली की तिचं निर्लेखन होतं, म्हणजे ती नोंदीतून कमी करतात, आणि मग लिलाव. ज्या विभागाची गाडी होती तिथे माहितीच्या अधिकारात निर्लेखनाची आणि लिलावाची नोंद मागा, नंबर आणि साल द्या. चेसी नंबर मिळाला तर तोच महत्त्वाचा, कारण लिलावानंतर गाडीचा नंबर बदललेला असू शकतो. पण तयारी ठेवा, अशा कितीतरी जीपा भंगारात तुटल्या.

म्हणून मला वाटतं जीपच्या आधी लॉगबुक वाचवा. प्रत्येक पानाचा फोटो काढा, दमट कपाटात ठेवू नका, प्लॅस्टिकमध्ये तर मुळीच गुंडाळू नका. मग एकेक नोंद वाचा, कुठून कुठे, कशासाठी, कोणते साहेब, किती पेट्रोल. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेला भूकंप झाला, तुमचं लॉगबुक त्या काळातलं असेल तर त्या आठवड्यात जीप कुठे कुठे गेली, कोणाला घेऊन गेली, ते त्यात आजोबांच्या अक्षरात असेल. त्यांच्या बरोबरचे कोणी ड्रायव्हर, क्लीनर हयात असतील तर पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जा, पानं समोर ठेवा आणि मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा. आपल्याकडे धरणं बांधणाऱ्या इंजिनिअरांची नावं राहिली, त्यांना घाटातून सुखरूप नेणाऱ्यांची कोणी लिहिली नाहीत. देवीच्या लशी, ७२ च्या दुष्काळातली कामं, निवडणुकीच्या पेट्या, सगळं अशाच जीपांनी गावोगाव नेलं, आणि पुढे वडापने (सीटवर भाडं घेणाऱ्या जीपांनी) आपल्या आयाबहिणींना बाजाराला, दवाखान्याला पोचवलं. ही सगळी माणसं आता म्हातारी झालीत, त्यामुळे हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. काही निघालं तर मला जरूर कळवा, परवानगी दिलीत तर इथे छापू.

प्रश्न : फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर) टाकून हायवेला चालवली तर ग्रिप जास्त मिळेल ना? (लातूर)

उत्तर : नाही. या जीपांना मधला डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नसतो, कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण ट्रान्सफर केसवर (जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर) आणि शाफ्टवर येतो. चिखल, वाळू, ओलं गवत, तिथेच टाका, आणि बाहेर आलात की लगेच काढा.