चंद्र-सूर्याच्या वेळांचे तक्ते पाहून मासेमारीचा दिवस ठरवावा का?

ठरवा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. अमेरिकी मासेमार-लेखक जॉन अल्डन नाइट यांनी १९२६ मध्ये ही सोलुनार पद्धत मांडली, म्हणजे चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून मासे कधी जास्त खातात याचा अंदाज. चंद्र डोक्यावर किंवा बरोबर पायाखाली (पृथ्वीच्या पलीकडे) असताना मासे लागण्याचा सुमारे दोन तासांचा मोठा काळ, चंद्रोदय-चंद्रास्ताला तासाभराचा छोटा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. यातली एखादी वेळ पहाटेशी किंवा तिन्हीसांजेशी जुळली, तर तो दिवस मी सोडत नाही.

खाडीत, समुद्रावर मात्र आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाण्याला ओढही जास्त. खडकांवर उभं राहणार असाल तर फार जपून. तळ्यावर मी तक्त्याआधी वारा आणि पाण्याचं तापमान पाहतो. तक्ता तुमच्याच ठिकाणचा आहे ना, तेवढं तपासा.