कोल्ड रूममध्ये शिरण्याआधी

तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये लागलास, छान झालं. पहिल्या दिवशी तापमानाच्या आकड्याआधी दार बघ. आतून उघडायचा दांडा असतो, तो स्वतः दाबून पाहा. त्यावर बर्फ साचतो आणि तो अडकतो. उणे १८ मध्ये कोंडला गेलास तर जाड भिंतीतून हाका बाहेर जात नाहीत. एकट्याने शिरूच नकोस, बाहेर कुणाला तरी सांगून जा.

थंडावा करणारा वायू कुठला, प्लांट अमोनियावर चालतो की फ्रेऑनवर, हे विचारून घे. अमोनिया नाकाला लगेच झोंबतो, निदान कळतं तरी. फ्रेऑनला धड वास नाही. हवेपेक्षा जड, खाली साचतो, माणूस गुंगी येऊन पडतो. अमोनियाचा वास आला की वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पड. व्हॉल्व्ह बंद करणं ऑपरेटरचं काम, तुझं नाही.

कॉइलवरचा, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांवरचा बर्फ स्क्रू ड्रायव्हरने फोडणारे महाभाग भेटतील. त्यांचं ऐकू नकोस, नळी फुटते. डीफ्रॉस्ट, म्हणजे बर्फ वितळवायची सोय, लाव आणि थांब. पंख्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी तुझ्या खिशात. सुपरवायझर घाई करेल, करू दे.