दारू सोडण्याचे उपचार घरी राहून होतील का?

प्रश्न : माझे पती (वय 41) यंत्रमाग कारखान्यात आहेत. नऊ-दहा वर्षांपासून ते रोज पितात. सकाळी हात इतके थरथरतात की नव्वदी घेतल्याशिवाय मागावरचा तुटलेला धागा जोडता येत नाही. आता ते स्वतःच ‘सोडतो’ म्हणतात. पण ॲडमिट झाले तर आठवड्याचा पगार बुडेल. ओपीडीत दाखवून, घरी राहून उपचार होतात का? गेल्या आषाढीला त्यांनी एकदम बंद केली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी फिट आली. कांदा हुंगवल्यावर बरे वाटले. शेजारच्या काकू चहातून द्यायच्या गोळ्या सुचवतात. त्या देऊ का?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही ओझरते लिहिलेले फिटचे वाक्यच माझ्या उत्तराचा आधार आहे. दारू सोडवण्याचे उपचार घरी राहून अनेकांवर होतात. परंतु ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट आली किंवा भ्रम झाला, ज्याचे यकृत बिघडले आहे किंवा ज्याच्याजवळ घरी लक्ष ठेवणारे कोणी नाही, त्याच्यासाठी पहिले काही दिवस वॉर्डातच काढणे सुरक्षित असते. तुमच्या पतींना मी ॲडमिटच करेन.

वर्षानुवर्षे दारू पोटात गेल्यावर मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेतो आणि ती एकाएकी तुटली की तो जणू उधळतो. थरथर, घाम आणि छातीत धडधड सहसा पहिल्या दिवसातच सुरू होते. फिटचा धोका साधारणपणे 6 ते 48 तासांत असतो, तर भास होणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे हा जिवावर बेतणारा प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान दिसतो. एकदा फिट येऊन गेली असेल तर पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता वाढते. (कांद्याने फिट थांबत नाही, बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते.) म्हणून डॉक्टरांना दाखवेपर्यंत त्यांची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पुन्हा फिट आली तर 108 ला फोन करा, त्यांना कुशीवर वळवा आणि तोंडात काहीही घालू नका.

वॉर्डात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखे मेंदू शांत करणारे गुंगीचे औषध सुरुवातीला पुरेशा मात्रेत देऊन रोज थोडे थोडे कमी करतात. शिवाय थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, इंजेक्शनने देतात. ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ असा आग्रह आपल्याकडे फार होतो. पण पिणाऱ्याला ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावे लागते, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. हे सारे बहुधा आठवडाभरात आटोपते, म्हणजे बुडाला तर एकच पगार.

त्यानंतरचे उपचार मात्र खुशाल ओपीडीत होऊ शकतात. ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट देतात. कोणते द्यायचे, हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून ठरते. ही औषधे काही महिने घ्यावी लागतात आणि सोबत समुपदेशनही हवे.

काकूंच्या गोळ्या बहुधा डायसल्फिरामच्या असाव्यात. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित प्राणही जातो. शेवटची गोळी घेतल्यानंतरही जवळपास दोन आठवडे हा धोका राहू शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. चहातून कधीही देऊ नका. स्वतः ‘सोडतो’ म्हणणाऱ्या माणसाला फसवण्याची गरजही नाही.

आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे, तेथे केसपेपर काढा. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाईनवरही विचारता येईल. डॉक्टरांना फिटची हकीकत सर्वांत आधी सांगा आणि रोज नेमकी किती होते, शेवटची कधी घेतली, हे पतींनाच बोलू द्या. गुंगीची औषधे चालू असेपर्यंत त्यांना मागावर आणि दुचाकीवर बसू देऊ नका. कामावर कधी परतायचे, ते डॉक्टर सांगतील.