दहावी पास आहे, वय 19. मर्चंट नेव्हीत खलाशी म्हणून लागायचं आहे. एजंट साडेचार लाख मागतोय, बाबा जमिनीचा तुकडा विकायला तयार आहेत. पैसे द्यावेत का?

नको देऊस. टोकन म्हणून पाच हजार मागितले तरी नको.

वयानं तू माझ्या मुलाएवढा, म्हणून एकेरीत लिहितो. मी रत्नागिरीकडचा. ट्रेनी ओएस (ऑर्डिनरी सीमन), म्हणजे शिकाऊ खलाशी म्हणून जहाजावर चढलो, त्याला 22 वर्षं झाली. आज बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आहे. गावात अजून सारंगच म्हणतात.

नोकरी लावून देतो म्हणून नाविकाकडून पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडच्या नियमांतही आणि नाविकांच्या हक्कांच्या एमएलसी 2006 या आंतरराष्ट्रीय करारातही. पासपोर्ट, सीडीसी (नाविकाचं सरकारी ओळखपुस्तक), मेडिकल हा खर्च तुझा. माणूस पुरवल्याचा मोबदला एजंटानं जहाजमालकाकडून घ्यायचा असतो. नाविक भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याचा, आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. एजंटाला परवान्याचा नंबर विचार. तो यादीत स्वतः शोध, त्यानं मोबाइलवर दाखवलेल्या फोटोवर जाऊ नकोस. नंबर विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या दारात पुन्हा उभा राहू नकोस.

हे एवढं पोटतिडकीनं सांगतोय, कारण माझ्या पुतण्यानं मला न विचारता पैसे भरले. मी तेव्हा जहाजावर होतो. कोर्स नाही, थेट जॉइनिंग, असं सांगून त्याच्या हातात दुसऱ्याच कुठल्या देशाची सीडीसी दिली आणि आखातात एका जुन्या टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर चढवलं. टग नांगरावर उभी. चार महिने पगार नाही, प्यायचं पाणी मोजून. पोरगा घरी आला तेव्हा गालफडं बसली होती. त्यानं पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही. चांगला खलाशी झाला असता तो.

आता सरळ रस्ता. आपल्या देशात त्याचं नाव जीपी रेटिंग कोर्स. सहा महिन्यांचा, राहून करायचा. वय साडेसतरा ते 25, दहावीला गणित, विज्ञान, इंग्रजी हवं आणि इंग्रजीत किमान 40 टक्के. डेक आणि इंजिन, दोन्हीकडचं काम शिकवतात. स्वयंपाकघराकडे ओढा असेल तर केटरिंगचा कोर्स वेगळा असतो. संस्था डीजी शिपिंगची मान्यता असलेलीच हवी. आयएनडीओएस नंबर (नाविकाचा सरकारी नोंदणी नंबर), सीडीसी, आग विझवणं आणि जीव वाचवणं वगैरे बेसिक कोर्स, हे सगळं त्याच वाटेवर येतं. कोर्सची फी मात्र भरावी लागते, ती लाचेत धरू नकोस. फी भरण्याआधी गेल्या दोन बॅचमधल्या चार-पाच पोरांना गाठ आणि एकच प्रश्न विचार: जहाज किती महिन्यांनी मिळालं? खरी अडचण तिथेच आहे. कोर्स करून वर्षभर घरी बसलेली पोरं मी पाहिली आहेत. जहाजावरच्या कामापेक्षा पहिलं जहाज मिळणं अवघड, म्हणून प्लेसमेंट बघूनच संस्था निवड.

या सगळ्याच्याही आधी डोळे. रंगांधळेपणा निघाला तर सगळं तिथंच थांबतं. ठिपक्यांच्या गोलातला आकडा ओळखायची ती तपासणी. रात्री लुकआउटला, म्हणजे समुद्रावर नजर ठेवायला उभा असताना समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, त्यावरून ते कुठल्या अंगानं चाललंय हे कळतं. तिथं अंदाज चालत नाही. डीजी शिपिंगनं मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच तपासून घे.

काम कसं असतं? पहिले काही महिने चिपिंग. हातोड्यानं गंज ठोकून काढायचा, वायर ब्रशनं घासायचं, प्रायमर मारायचा, मग रंग. जहाजाच्या या टोकाला रंग वाळेपर्यंत त्या टोकाला गंज डोकं वर काढतो. संध्याकाळी जेवायला बसलो की हातातला चमचा थरथरायचा. महिन्याभरानं हात सरावतो. रात्री इंजिनचा आवाज अचानक थांबला तर झोपमोड होते, इतकी त्याची सवय लागते.

जिवावर बेतणारं काम म्हणजे मूरिंग, जहाज दोरांनी धक्क्याला बांधणं. माझ्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला धक्क्याला लागताना एक दोर कण्हल्यासारखा वाजायला लागला. मी बघत उभा. आमच्या बोसननं मागून कॉलर धरून ओढलं आणि पुढच्याच क्षणी दोर तुटून मी उभा होतो तिथून सपकन गेला. लोखंडी रेलिंग वाकलं. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, हे मी आज प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी, ती जागा बोटानं दाखवून सांगतो.

कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं. गणपती चुकतात, लग्नं चुकतात. माझे वडील गेले तेव्हा मी अटलांटिकमध्ये होतो, पोचलो तो बाराव्याला. हे घरी आधीच बोलून ठेव. पगार सुरुवातीला ट्रेनीचा, बेताचाच. मग ओएस, मग वॉचकीपिंगचं, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीचं सर्टिफिकेट काढून एबी (एबल सीमन), म्हणजे पुरता तयार खलाशी. एबीसाठी आंतरराष्ट्रीय किमान मूळ पगार 2025 साली महिना 673 डॉलर होता, त्यावर ओव्हरटाइम आणि रजेचा पगार वेगळा. जहाजावर जेवणखाण, राहणं कंपनीचं, त्यामुळे शिल्लक चांगली पडते. माझं घर, दोन्ही मुलांची शिक्षणं याच पैशावर झाली.

इंग्रजी आजपासून सुधार. सुकाणूवर असताना अधिकारी ‘पोर्ट टेन’ म्हणाला की ते शब्द तसेच मोठ्यानं परत म्हणायचे, सुकाणू दहावर आलं की पुन्हा सांगायचं. शेजारी फिलिपिनो, समोर युक्रेनियन. तिथं लाजून गप्प बसलास तर जहाज भलतीकडे जाईल.

सातबारा कपाटातच राहू दे, असं बाबांना आजच सांग. या आठवड्यात डोळे तपासून ये. ठीक निघाले तर संस्थांची नावं मला कळव, दोघं मिळून मान्यता असलेल्या संस्थांच्या यादीत बघू.