बोलतच नव्हतात, तर कळायचे कसे?

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

परवा आजीचा फोन झाल्यावर तू विचारलेस की तुमच्या शाळेत मुलेमुली एकमेकांशी बोलतच नव्हती, तर कोणाला कोण आवडते हे कळायचे तरी कसे, आणि मराठी माणसे प्रेमाचा विषय निघाला की एवढी का लाजतात. जेवता जेवता दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहिते आहे. शिवाय त्याचे उत्तर माझ्यापेक्षा एका कादंबरीने कितीतरी चांगले दिले आहे, आणि ती तू या सुट्टीत वाचावीस असे मला मनापासून वाटते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. मौज प्रकाशनाने २००४ साली ती काढली आणि तेव्हापासून आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना ती आपल्याच वर्गाची गोष्ट वाटत आली आहे.

आधी लाजण्याविषयी. तुझ्या पणजीने पणजोबांचे नाव आयुष्यभर घेतले ते फक्त उखाण्यात. एरवी ‘अहो’, नाहीतर थोरल्या मुलाचे नाव घेऊन ‘त्याचे वडील’, एवढ्यावर तिचा संसार झाला. जे नाव रोज घ्यायचे नाही, तेच हळदीकुंकवाला किंवा पंगतीत सगळ्यांदेखत यमकात बसवून घ्यायला लावायचे आणि घेणारी लाजली की इतरांनी हसायचे, ही आपल्याकडची रीत. माया नव्हती असे मुळीच नाही. ती उघड बोलून दाखवणे मात्र थोडे उथळपणाचे मानले जाई. अशाच घरांतली मुले आमच्या शाळेत येत आणि येताना ही सवय बरोबर घेऊन येत.

आमच्या वर्गात मुलींच्या बाकांची रांग वेगळी होती आणि मुलांची वेगळी. हाक मारायची ती आडनावाने, दोन्ही बाजूंनी. एखादी मुलगी एखाद्या मुलाशी जरा जास्त वेळ बोलली की दुसऱ्या दिवशी त्या दोघांची नावे बाकावर करकटकाने कोरलेली दिसत, आणि मग त्या दोघांचे उरलेले वर्ष एकमेकांना टाळण्यात जाई. रक्षाबंधनाच्या सुमारास बाई मुलींना वर्गातल्या सगळ्या मुलांना राख्या बांधायला लावत. वर्गात बंधुभाव वाढावा असा त्यांचा हेतू असे, पण त्या दिवशी कोणाला अचानक ताप आला आणि मधल्या सुट्टीनंतर कोणाचे दप्तर बाकावरून नाहीसे झाले यावर आम्हा मुलींचे बारीक लक्ष असे. तेव्हा कळायचे ते असे.

‘शाळा’मधला मुकुंद जोशी याच जगातला आहे, फक्त माझ्या बराच आधीचा. तो नववीत आहे, काळ १९७५-७६चा आहे आणि त्याला वर्गातली शिरोडकर आवडते. घटना म्हणून सांगायचे तर कादंबरीत जवळजवळ एवढेच आहे. सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या हे त्याचे मित्र. एका अर्धवट बांधकाम झालेल्या इमारतीत त्यांचा अड्डा असतो आणि तिथे बसून जगातल्या सर्व विषयांवर, विशेषतः मुलींवर, ज्या गोष्टी त्यांना अजिबात ठाऊक नाहीत त्यांविषयी ते अत्यंत अधिकारवाणीने बोलतात. घरात आईवडिलांशी जे बोलता येत नाही ते बोलायला एक नरूमामा आहे. असा मामा प्रत्येकाला हवा.

मला ही कादंबरी आवडते ती तिच्या बारकाव्यांसाठी. तिने आज वळून पाहिले की नाही, पाहिले असेल तर माझ्याकडेच की माझ्या मागे उभ्या असलेल्या कोणाकडे, आणि माझ्याकडेच असेल तर मुद्दाम की सहज, एवढ्या एका गोष्टीवर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा अख्खा दिवस कसा तरतो किंवा बुडतो, हे बोकिलांनी असे लिहिले आहे की वाचताना आपणही त्या नजरेचा हिशोब मांडू लागतो. बोलण्याची सोय नसली की पाहण्याला, वाट बदलण्याला, वेळ साधण्याला केवढा अर्थ येतो ते तुला इथे दिसेल. आणि पुढे कधीतरी ती दोघे खरोखर बोलतात, तेव्हा अगदी साध्या चार वाक्यांनाही असे वजन येते की एखाद्या मोठ्या प्रेमकथेतल्या कबुलीलाही येणार नाही. तुम्ही मुले दिवसभर एकमेकांना निरोप पाठवत असता, त्यामुळे हा भाग तुला कदाचित सर्वांत अनोळखी वाटेल आणि म्हणूनच सर्वांत जास्त गुंतवेल.

ही गोष्ट गोड आहे, पण गोडच नाही. शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगते की त्या वयातल्या प्रेमाला स्वतःच्या हातात फारसे काही नसते: घर कुठे असावे, वडिलांची नोकरी कुठे असावी, दहावीनंतर काय करावे, हे सगळे मोठ्यांनी ठरवायचे आणि त्या निर्णयांत या पोरांचे कोणी काही विचारायचे नाही. जे धड बोलून दाखवलेलेच नाही त्याचा निरोप तरी कसा घेणार, ही यातली खरी कळ आहे. चौघा मित्रांची घरेही सारखी नाहीत, आणि कोणाचे पुढे काय होणार ते बरेचसे घरावरून ठरत जाते. बोकील समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत. या गोष्टीतून ते नकळत जाणवत राहते, पण ते कुठेही व्याख्यान देत नाहीत.

मागे आणीबाणी आहे. २५ जून १९७५ रोजी ती जाहीर झाली आणि मार्च १९७७मध्ये उठली; त्या काळात वर्तमानपत्रांवर निर्बंध होते आणि विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते. मुकुंदला त्यातले जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. तुला याची माहिती नसेल तर बाबांना विचार. त्यांना विषय दिला की ते थांबत नाहीत, हे मात्र लक्षात असू दे.

आता माझी एक तक्रार. ही सारी गोष्ट मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. मुलींना ठेवलेली नावे, त्यांच्याविषयीची शेरेबाजी, घरापर्यंत मागोमाग जाणे, हे सगळे ती पोरे गमतीने सांगतात, आणि त्या गमतीच्या दुसऱ्या टोकाला जी मुलगी खाली मान घालून भरभर चालते आहे तिला काय वाटते, ते आपल्याला कळत नाही. मी त्या टोकाला होते, म्हणून मला ते टोचते. एका मित्राचे धाडस त्याच्याच अंगाशी येते आणि लेखक त्याला पाठीशी घालत नाही, हे खरे. तरीही शिरोडकरच्या मनात काय होते हे मुकुंदला जेवढे कळले तेवढेच आपल्याला कळते, आणि ते पुरेसे नाही. अर्थात नववीतल्या मुलाला आपल्यापलीकडचे दिसत नाही हेही तितकेच खरे, आणि मुकुंदला सगळे कळत असते तर ही कादंबरी खोटी झाली असती.

वाचताना पहिली वीस-पंचवीस पाने तुला जड जातील. निवेदन शाळकरी मुलांच्या बोलण्यातले आहे, त्यात आपापसातले शब्द भरपूर आहेत, आणि तू घरात ऐकतेस त्या मराठीत ते नसतात. अडलेल्या प्रत्येक शब्दापाशी थांबू नकोस. मोठ्याने वाच, म्हणजे अर्थ आपोआप लागत जाईल. सुजय डहाके यांनी यावर याच नावाचा चित्रपट केला आहे आणि त्याला २०११ सालासाठी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट चांगला आहे, पण तो आधी पाहू नकोस. मुकुंदच्या डोक्यात अखंड चालणारी बडबड, तिच्यातला विनोद आणि स्वतःलाच फसवत राहणे, ही या पुस्तकाची खरी मजा; ती पडद्यावर पूर्ण उतरणे कठीण. शिवाय शिरोडकरचा चेहरा आधी तू तुझ्या मनाने ठरवावास असे मला वाटते.

आजीलाही तू हाच प्रश्न विचारणार आहेस असे म्हणालीस. जरूर विचार, पण थेट नको. तिच्या शाळेत गॅदरिंगला काय काय होत असे, तिथून सुरुवात कर आणि मग ती सांगेल तेवढे ऐकून घे. आणि पुस्तक संपले की एक प्रसंग, तुला आवडेल तो, शिरोडकरच्या बाजूने लिहून मला दाखव. मराठीत लिही, चुका मी तपासणार नाही.

तुझी,
आई