पॉइंट गोळा कर, पण ओपीडी बघून

नव्याने दवाखाना टाकलायस, म्हणून सांगतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांना, परिषदांना हजेरी लावून मिळणारे गुण. मी पहिल्या खेपेला शेवटच्या वर्षावर ढकललं. मग रविवारमागून रविवार हॉटेलांच्या हॉलमध्ये, निम्मं लक्ष जेवणाकडे! तू वर्षाला ६ उरकत जा.

विषय मात्र आपल्या ओपीडीतून निवड. तुझ्याकडे साप-विंचू चावलेले येणार. रोबोटिक सर्जरी ऐकून काय करशील? महाड भागात काम करतानाच डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं. औषध कंपनीने भरवलेलं व्याख्यान ऐक, पण प्रिस्क्रिप्शन बदलण्याआधी दुसरीकडे वाचून घे. अडलेली केस वहीत लिहून ने, चहाच्या वेळी वक्त्याला गाठ.