डी-डायमर 0.96 चा 480 झालेला नाही, एकक बदललंय

तुमचा प्रश्न असा: वडील 68 वर्षांचे, कोरोनाचा न्यूमोनिया, खानापुरात दाखल. परवा तिथल्या लॅबनं डी-डायमर (रक्तातल्या गुठळ्या विरघळताना उरणारा अंश) 0.96 दिला, आज बेळगावच्या लॅबनं 480. एवढा भडकला, तर रक्त पातळ करायची गोळी लगेच चालू करावी का?

भडकलेला नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत आकड्याशेजारची बारीक अक्षरं बघा. पहिल्यावर मायक्रोग्रॅम आणि एफईयू आहे, दुसऱ्यावर नॅनोग्रॅम आणि डीडीयू; एफईयू आणि डीडीयू ही डी-डायमर मोजायची दोन वेगळी एककं. 0.96 मायक्रोग्रॅम म्हणजे 960 नॅनोग्रॅम. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो, म्हणून 960 चे निम्मे 480. आहे तिथंच आहे. वाढलेला मात्र आहेच, कारण एफईयूमध्ये बहुतेक लॅब 500 नॅनोग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात. पण नुसत्या या आकड्यावर गोळी घरच्यांनी ठरवायची नाही. डॉक्टर प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा आकडा) आणि रक्तस्रावाचा धोका बघून ठरवतात. सीआरपीतही (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) हाच घोळ होतो: डेसिलिटरमागे 9.2 मिलिग्रॅम आणि लिटरमागे 92 मिलिग्रॅम एकच. (फॉर्म कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत, वाचणारे आपण मराठीत. एकक तिथंच निसटतं.)

एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 610 बघून घाबरलात, पण खाली 'हिमोलाइज्ड' असा शेरा आहे. म्हणजे रक्त काढताना किंवा खानापूरहून नेताना तांबड्या पेशी फुटल्या. त्यांच्यात एलडीएच ठासून भरलेलं असतं, ते सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, उतरतं. पोटॅशियम आणि एएसटीही (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) त्यानं खोटे चढतात. नमुना पुन्हा द्यायला सांगा. डी-डायमरची निळ्या टोपणाची ट्यूब रेघेपर्यंत भरलेली हवी. आतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) एकास नऊ भाग रक्ताच्या हिशेबानं असतं.

मला खरी काळजी वाटते ती क्रिएटिनिनची, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. परवा 0.7, आज 1.1. दोन्ही 'नॉर्मल'च्या रकान्यात, म्हणून लॅबनं ठळक केलं नाही. पण 48 तासांत 0.3 किंवा जास्त वाढ म्हणजे किडनीला इजा सुरू झाली असं धरतात. तापानं पाणी कमी पडणं, अंगदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, ही नेहमीची कारणं. लघवी मोजून ठेवा: 60 किलोच्या माणसाला सहा तासांत 180 मिलिलिटरच्या खाली गेली तर ड्युटी डॉक्टरांना लगेच सांगा. पाणी किंवा सलाईन मात्र आपल्या मनानं वाढवू नका, न्यूमोनियात जास्तीचं पाणी फुप्फुसावर येतं.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं प्रथिन) थोडं वर आहे; हृदयाच्या स्नायूला ताण पडलाय, एवढाच त्याचा अर्थ. ब्लॉकेज आहे असं त्यावरून ठरत नाही. ईसीजी आणि काही तासांनी दुसरा नमुना, दोन्ही लागतील. एएलटी (लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मलच्या दुपटीच्या आत आहे, त्यावर नुसती नजर ठेवा. रेमडेसिव्हिर (कोरोनाच्या विषाणूवरचं औषध) चालू असेल तर एएलटी पुन्हा तपासावंच लागतं.

पांढऱ्या पेशी 6,200, त्यांतल्या लिम्फोसाइट (विषाणूशी लढणाऱ्या पेशी) 11 टक्के, म्हणजे सुमारे 680. हजाराच्या खाली असल्यानं आजार हलका धरू नये. स्टेरॉइड सुरू झाल्यावर एकूण पेशी वाढतील आणि सीआरपी उतरेल. तो उतार बघून ऑक्सिजन काढायची घाई करू नका. बाहेरच्या हवेवर ऑक्सिजन 94 च्या खाली किंवा श्वास मिनिटाला 24 च्या वर गेला, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता बेळगावला हलवायचं डॉक्टरांशी बोला. पुढचे सगळे नमुने एकाच लॅबला द्या.